होडीतून गलबतावर

"...आणि एवढं करूनही माणूस पाण्यातच पडणार असेल, तर आता मी आणखी काय करायचं, अक्का?"

रघुवीर मेस्त्रीने विचारलं. विचारलं कसलं, ओरडलाच तो.

गलबताच्या फळ्यांवर शेट्ये वाणी निथळत बसले होते. अंगावरच्या सदऱ्यातून, धोतरातून खाडीचं पाणी ओघळत होतं. एका पायात वहाण होती. दुसरी लाटांवर डुलत समुद्राच्या दिशेने निघाली होती.

येसूअक्का डोलकाठीला पाठ टेकून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली ती शेट्यांकडे पाहायला.

"लागलं का हो कुठं?"

"नाही अक्का. भिजलो तेवढा."

"मग ठीक. ऊन आहे. वाळाल."

आणि त्या पुन्हा सुपात बघू लागल्या.

अक्कांचं हे असंच असायचं. रघुवीरला त्याची सवय होती. सवय होती, पण आज त्याचं डोकं फिरलं होतं.

खाली होडीत द्वारकाबाई अजून तशीच बसली होती. दोन्ही हातांनी होडीचे दोन्ही काठ आवळून, डोळे गच्च मिटून.

येसूअक्का एका गलबतवाल्याच्या विधवा. नवरा होता तेव्हा गलबतातून कौलं, नारळ, मीठ जायचं. नवरा गेला. लोकांना वाटलं, बाई आता गलबत विकेल आणि घरात बसेल. अक्कांनी घर विकलं आणि गलबत ठेवलं. नवऱ्याच्या हाताखाली वाढलेला दाऊद तांडेल सुकाणूवर होताच. तेव्हापासून त्या एका खाडीतून दुसऱ्या खाडीत फिरत राहिल्या. जिथे नांगर टाकायच्या, तिथे दिवस कलला की माणसं जमायची. भजन व्हायचं. अक्का थोडं बोलायच्या, कधी बोलायच्याही नाहीत. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ त्या फळ्यांवर शेजारी शेजारी बसून प्रसाद खायचे. ते कसं व्हायचं, कुणालाच नीट सांगता यायचं नाही.

अडचण एकच. धक्क्यापाशी पाणी उथळ. गलबत आत यायचं नाही, मध्येच उभं राहायचं. म्हणजे धक्क्यावरून होडीत बसायचं, होडीतून गलबतापाशी जायचं आणि मग होडीतून वर चढायचं. ते चढणंच कठीण. होडी खाली जाते तेव्हा गलबत वर येतं. गलबत खाली येतं तेव्हा होडी बाजूला सरकते. तरणीताठी माणसंही तिथे लटपटायची.

रघुवीर मेस्त्री तसा साधा माणूस नव्हता. देवळांचे दरवाजे, पालख्या, खोतांच्या माजघरातले झोपाळे... त्याच्या हातचं काम ओळखायला त्यावर नाव कोरावं लागत नसे. त्याने बसवलेलं दार कधी करकरलं नाही, असं लोक म्हणायचे आणि तोही म्हणायचा. बायको गेल्यावर त्याने कारखाना मुलांच्या हवाली केला आणि अक्कांच्या पायाशी येऊन बसला.

"अक्का, मला अनुग्रह द्या."

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. मग गलबताच्या काठाकडे. तिथून त्याच वेळी एक म्हातारी अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबकळत होती आणि दाऊद तिला काखेत धरून ओढत होता.

"लोकांना होडीतून वर यायला फार त्रास होतो रे मेस्त्री. तेवढं सोपं करून दे. मग बघू."

रघुवीर हसला होता.

"एवढंच?"

"एवढंच."

त्याला वाटलं, आठवड्याचं काम. त्यानंतर एक दिवाळी झाली, शिमगा झाला, पावसाळाभर गलबत किनाऱ्यावर ओढून ठेवलं होतं तेही पुन्हा पाण्यात आलं आणि आता दुसरी दिवाळी तोंडावर आली होती.

पहिली शिडी हलकी होती. माणूस तिच्यावर चढला की तिचं खालचं टोक गलबताच्या पोटाखाली जायचं आणि माणूस पाठीवर उताणा, वटवाघळासारखा टांगलेला.

मग त्याने शिडीच्या मागे लाकडी ठोकळे बसवले. शिडी सरळ राहिली, पण होडी आली की तिचं नाक नेमकं त्या ठोकळ्यांखाली अडकायचं आणि लाट आली की कडकन आवाज व्हायचा.

मग ठोकळे काढून काथ्या भरलेली पोती लावली. धरायला दोर सोडले, दोरांना गाठी मारल्या. लोकांनी एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्या हाताने होडीतला शेजारी. दोघंही पाण्यात.

मग कप्पी लावून खुर्ची केली. माणसाने खुर्चीत बसायचं, वरून दोर ओढायचा, माणूस अलगद वर. खोतांच्या आई पहिल्यांदा बसल्या आणि अर्ध्या वाटेत दोर कप्पीत अडकला. त्या हवेत. वर येईनात, खाली जाईनात. रघुवीर घामाघूम होऊन डोलकाठीवर चढला. तोवर अक्का काठाशी उभ्या राहून त्यांच्याशी लोणच्याच्या गप्पा मारत होत्या.

खोतांच्या आई त्यानंतर आल्या नाहीत.

दर वेळी रघुवीरला एकच कळायचं. वस्तूत दोष नाही. माणसांत आहे. एकेकाने उठा म्हटलं की तिघं उठतात. पाय मध्ये ठेवा म्हटलं की काठावर ठेवतात. थांबा म्हटलं की उडी मारतात, मारा उडी म्हटलं की थांबतात. अरे, ऐकून तरी घ्या!

आणि त्या सगळ्यांत ती द्वारकाबाई.

ती गलबतावर एकदाही चढली नव्हती. तरुणपणी कधीतरी होडी आणि धक्का यांच्या मधल्या फटीत ती पाण्यात गेली होती. वर डोकं काढलं तर होडी डोक्यावर. कुणीतरी केस धरून ओढली म्हणून वाचली. त्यानंतर मधलं पाणी दिसलं की तिचे पाय लुळे पडायचे. पण अक्कांचं गलबत आलं की यायची मात्र न चुकता. होडीत बसायची, गलबतापाशी यायची, शिडीला हात लावायची आणि "नको गो बाई" म्हणून खाली बसायची. मग वर भजन चालायचं आणि ती खाली, मागे बांधलेल्या होडीत, एकटी टाळ्या वाजवायची. अक्का तिच्यासाठी प्रसाद करवंटीत घालून दोराने खाली सोडायच्या. आणि भजन संपलं की रघुवीरने तिला वल्हवत परत न्यायचं.

'या बाईला घरी बसायला काय होतं?' असं रघुवीरच्या मनात दर वेळी यायचं. एकदा तोंडातूनही आलं होतं.

पण आजची गोष्ट वेगळी होती. खाडीचं मुख वाळूने भरत चाललं होतं. दाऊद तांडेलने सकाळीच सांगितलं होतं, "अक्का, या खाडीत आपलं हे शेवटचं येणं. आजच्या ओहोटीबरोबर बाहेर पडायचं. पुढच्या साली गलबत आत येणार नाही."

म्हणजे द्वारकाबाईचीही ही शेवटची खेप.

रघुवीरने मनाशी ठरवलं होतं. आज ती वर आली पाहिजे. ती वर आली, म्हणजे कुणीही येईल. मग अक्कांना म्हणायचं, काम झालं. आता द्या.

त्यासाठी त्याने सागवानी शिडी केली होती. पायऱ्या रुंद, प्रत्येक पायरीला काथ्याची दोरी गुंडाळलेली, पाय सरकायला नको. बाजूला गुळगुळीत कठडे. वर पितळी आकडे, काठात घट्ट बसणारे. पाण्याखालीही दोन पायऱ्या, म्हणजे होडी कितीही खाली गेली तरी पाय पोचावा. मुलं म्हणाली, बाबा, ही तर देवघरात ठेवण्यासारखी झाली.

दुपारी तो द्वारकाबाई आणि शेट्ये वाण्यांना होडीत घेऊन निघाला. गलबतापाशी आला. वल्हं टाकलं. नेहमीप्रमाणे तो आधी उडी मारून वर गेला, कारण शिडी अडकवायची होती आणि वरून हात द्यायचा होता. शिडी अडकवली. देखणी बसली.

"या शेट्ये. सावकाश."

शेट्ये उठले. एक पाय शिडीवर ठेवला. दुसरा होडीत. होडी मागे सरकायला लागली. शेट्यांचे पाय लांब लांब होत गेले. त्यांनी रघुवीरकडे अतिशय शांतपणे पाहिलं...

आणि गेले.

आता दोराने ओढून त्यांना वर घेतलं होतं. म्हणजे तसे ते चढले होते म्हणायचे.

"अक्का, मी विचारतोय काहीतरी."

"ऐकते आहे."

"शिडीत काय खोट आहे ते दाखवा मला. दाखवा ना! उतरून बघा."

"शिडी छान आहे."

"मग?"

"फार छान आहे. पायऱ्यांना काथ्या लावलास ते बरं केलंस."

"मग माणूस पडतो का?"

अक्कांनी एक खडा काढून पाण्यात टाकला.

"तूच सांग."

"सांगतो. माणसंच तशी म्हणून. भित्री, वेंधळी, सांगितलेलं न ऐकणारी. इतकी दारं बसवली मी, एकालाही दारातून आत कसं जायचं हे शिकवावं लागलं नाही. आणि इथं..." त्याने शिडीला लाथ मारली. मग लगेच वाकून तिला ओरखडा तर पडला नाही ना, ते पाहिलं. "इथं चार पायऱ्या चढायच्या तर ही तऱ्हा."

"दार हलत नाही ना रे."

"तेच तर! होडी हलते."

"का हलते?"

"का म्हणजे? पाण्यात आहे म्हणून हलते!"

"बरं..."

एवढंच. बरं. रघुवीरला वाटलं, आपण या बाईच्या पायाशी का येऊन बसलो? बसायचंच होतं, तर जरा बोलणाऱ्या माणसाच्या पायाशी बसायचं.

खालून द्वारकाबाईचा आवाज आला. बारीक, घाबरलेला. डोळे मिटलेलेच.

"मेस्त्री, रागावू नका. तुम्ही उडी मारून वर जाता ना... तेव्हा होडी मागं जाते हो."

"काय?"

"तुमच्या पायानं. मागं ढकलली जाते. मग मला मधलं पाणी दिसतं."

रघुवीर काठावर वाकला.

"म्हणजे मी वर जाऊ नको? अहो बाई, मी वर नाही गेलो तर तुम्हाला हात कोण देणार?"

शेट्ये धोतर पिळत होते, ते थांबले. दाऊद सुकाणूशी उभा होता, तो लांब पाण्याकडे पाहू लागला.

रघुवीरला ते आवडलं नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "माझंच चुकतं. मी आधी जातो तेही चूक, हात देतो तेही चूक. अक्का, मला जमत नाही. मी हरलो. तुम्हाला अनुग्रह द्यायचा नव्हता, तर पहिल्या दिवशीच नाही म्हणायचं होतंत. एवढं राबवून घेतलंत कशाला? मी उद्या घरी जातो. मुलांकडे पुष्कळ काम पडलंय, तिथं निदान लाकूड ऐकतं माझं."

 

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पदर कमरेला खोचला. आणि शिडीकडे चालू लागल्या.

"अक्का?" दाऊद ओरडला. "कुठं?"

"खाली."

"तुमचे गुडघे..."

"माझेच आहेत रे."

पावसाळ्यापासून अक्का गलबतावरून खाली उतरल्या नव्हत्या. दाऊद धावला. त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. पाठमोऱ्या झाल्या, कठडे धरले, एकेक पायरी उतरत गेल्या. पाण्यालगतच्या पायरीवर थांबल्या. होडी लांब होती. त्या थांबूनच राहिल्या. लाट आली, होडी परत जवळ आली, तशा त्या तिच्यात टेकल्या. उडी नाही, काही नाही. घरच्या पाटावर बसावं तशा.

पण पाटावर, म्हणजे होडीतल्या फळीवरही, त्या बसल्या नाहीत. होडीच्या तळाशी बसल्या. तिथे पाणी साचलं होतं. लुगडं भिजलं. गलबताच्या कुशीवरून सोडलेला गाठींचा दोर त्यांनी दोन्ही हातांनी धरला, छातीशी ओढून घेतला आणि पाय होडीच्या काठाला आतून रोवले.

काथ्याची पोती दबली. होडी गलबताला चिकटली. लाट आली, गलबत वर गेलं, होडीही त्याच्याबरोबर वर गेली.

"द्वारका, डोळे उघड."

द्वारकाबाईने उघडले. खाली पाहिलं. मधलं पाणी नव्हतं.

"ऊठ."

"अक्का, तुम्ही सोडणार नाही ना?"

"मी कुठं जाते आहे? मी खालीच आहे."

द्वारकाबाई उठली. आधारासाठी तिने हात पुढे केला, तो अक्कांच्या डोक्यावर पडला. तिने चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगो बाई... तुमच्या डोक्याला..."

"टेक टेक. भक्कम आहे डोकं."

तिने अक्कांच्या पांढऱ्या केसांवर हात टेकला. सगळा भार टेकला. अक्कांची मान खाली गेली, दोरावरचे हात हलले नाहीत.

"माझ्याकडे बघू नको. शिडीकडे बघ. मेस्त्रीनं छान केली आहे."

एक पायरी. दुसरी. कठडा. तिसरी... वरून रघुवीरने हात पुढे केला, पण तो धरायची तिला गरजच पडली नाही. ती गलबताच्या फळ्यांवर उभी होती.

तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. डोलकाठीला हात लावून पाहिला. गुंडाळलेलं शीड, पाण्याचा माठ, अक्कांचं तांदळाचं सूप.

"वर एवढंच असतं होय?" ती म्हणाली. आणि फतकल मारून बसली आणि रडायला लागली. रडता रडता हसत होती. शेट्ये वाण्यांनी आपलं ओलं उपरणं तिला डोळे पुसायला दिलं.

रघुवीर मात्र शिडीकडे पाहत होता. त्याचा चेहरा उजळला होता.

"बघितलंत अक्का? हलली नाही! जरासुद्धा हलली नाही!"

"नाही हलली," अक्का खालून म्हणाल्या.

"मी सांगत नव्हतो? शिडीत दोष नाही म्हणून?"

"नाहीच."

"आणि द्वारकाबाई वर आल्या."

"आल्या."

"मग झालं ना माझं काम?"

अक्का तशाच दोर धरून बसल्या होत्या. पाणी त्यांच्या कमरेशी डचमळत होतं.

"या आता वर."

"येते."

त्यांनी दोर सोडला आणि गुडघ्यावर हात ठेवला. होडी मागे सरकली. त्यांनी पुन्हा दोर ओढला. होडी पुढे आली. उठायला हात हवे होते. धरायलाही हात हवे होते. त्या पुन्हा बसल्या.

"अक्का, हात द्या."

रघुवीर पालथा पडून काठावरून लोंबकळला. हात पुरला नाही.

"थांबा, खुर्ची लावतो."

"नको रे. लोणच्याच्या गप्पा मला वरून मारता येतात, टांगून नाही."

"मग दोर कमरेला बांधा. आम्ही ओढतो."

"मी काय नारळाचं पोतं आहे?"

"मग कशा येणार तुम्ही?" रघुवीर पुन्हा तापला. "दाऊद खोळंबलाय. ओहोटी लागली. खाली जाऊन बसायचं सुचलं तुम्हाला, वर कसं यायचं ते आधी ठरवायला नको? या वयात हे असलं कुणी करतं? आणि मी मात्र इथं उभा राहून..."

तो थांबला.

अक्का वर पाहत होत्या. ऊन डोळ्यांत येत होतं म्हणून डोळे किलकिले केलेले. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. वाट पाहणारं माणूस जसं पाहतं तसं, एवढंच.

"...इथं उभा राहून," रघुवीर पुन्हा म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला सापडेना.

होडी जायची, यायची.

मग रघुवीरने सदऱ्याच्या बाह्या सारल्या. पाठमोरा झाला. उडी मारायला पाय आपोआप उचलला गेला होता, तो त्याने परत ठेवला. आपल्याच शिडीवरून तो पहिल्यांदा पायरी पायरीने उतरला. तिसऱ्या पायरीचा कठडा हाताला जरा आखूड पडतो, हे त्याला तेव्हा कळलं. होडी जवळ येईपर्यंत तो थांबला. टेकला. होडीच्या तळाशी, त्या साचलेल्या पाण्यात बसला. पाणी गार होतं. त्यात माशांचे खवले तरंगत होते.

"द्या तो दोर."

अक्कांनी दिला.

त्याने दोर छातीशी ओढला, पाय रोवले आणि वर पाहिलं. गलबत इथून भिंतीसारखं दिसत होतं. काळं, ओलं, उंच. भिंत श्वास घेत होती. होडी आणि गलबत यांच्यामध्ये बोटभर फट उरली होती आणि त्या फटीतून पाणी घशातल्यासारखा आवाज करत वर यायचं, खाली जायचं. वरून हा आवाज कधी ऐकू आला नव्हता.

हात भरून आले. तो दोराला आणखी चिकटला.

"पाय ठेवू का रे?" अक्कांनी विचारलं.

"कुठं?"

"खांद्यावर. शिडीपर्यंत गुडघा उचलत नाही माझा."

"ठेवा."

खांद्यावर पाय आला. ओला, हलका, टाचेला भेगा पडलेला. त्या भेगा सदऱ्यातून टोचल्या. क्षणभर सगळा भार त्याच्यावर आला आणि तो किती कमी आहे हे जाणवून तो दचकला. मग भार निघाला. शिडीची पायरी वाजली. दुसरी वाजली. वर दाऊदचा आवाज आला, द्वारकाबाईचा आला, शेट्यांचा आला. "आल्या, आल्या."

रघुवीर तसाच बसून राहिला. खांद्यावर पाण्याचा डाग पसरत होता. त्याला काय वाटत होतं ते त्याचं त्यालाच धड कळत नव्हतं. राग कुठे गेला हे तो शोधत होता, शोधायला जावं तर तोही हाताला लागेना.

धक्क्याकडून हाका आल्या. पलीकडच्या वाडीला गलबत आल्याचं उशिरा कळलं असावं. धक्क्याच्या टोकाशी माणसं उभी होती. एकीच्या कडेवर मूल होतं. एक म्हातारा काठी उंच धरून हलवत होता.

"अक्का," दाऊद म्हणाला, "आता नाही निघालो तर वाळूत बसू. मग पुढच्या भरतीपर्यंत हलणं नाही."

"बसू."

"बसू?"

"तू चहा ठेव."

दाऊद काहीतरी पुटपुटत आत गेला.

रघुवीरने खालून मान वर केली. दोर त्याने अजून सोडला नव्हता. काठावर अक्कांचं डोकं दिसत होतं, केस विसकटलेले, द्वारकाबाईच्या हाताने एका बाजूला चपटे झालेले.

"अक्का... आणि मी?"

"तू काय?"

"मी वर कधी येऊ?"

अक्कांनी डोळ्यांवर हात धरून धक्क्याकडे पाहिलं.

"ती माणसं उन्हात उभी आहेत, मेस्त्री."